पाण्याखालची जमीन

"मग आतां तुम्ही दोघें मिशनरी होणार म्हणावयाचे!" असें माझे मेहुणे म्हणाले, तेव्हां जमलेलीं सारीं माणसें हंसलीं आणि मीही हंसलों. प्रसंग माझ्या निवृत्तीचा होता. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीस वर्षें घालविल्यानंतर, अद्याप चार वर्षें नोकरी शिल्लक असतां, मीं ती स्वेच्छेनें सोडली होती. पत्नीनें बँकेंतील आपली नोकरी माझ्याआधीं सहा महिने सोडली होती. आणि आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांत, डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कांठीं, आदिवासी मुलांच्या एका लहानशा अभ्यासिकेचें काम दोघांनीं मिळून दोन वर्षें पाहावें, असें आम्हीं ठरविलें होतें.

सत्काराला उत्तर देतांना मीं एक वाक्य बोललों. "समाजाचें ऋण फेडण्याची वेळ आतां आली आहे." अशा प्रसंगीं हें वाक्य कोणीही बोलतो, आणि त्याला टाळ्याही पडतात. मलाही पडल्या. परंतु तें ऋण कोणाचें, किती, आणि कोणत्या वहींत मांडलेलें आहे, हें त्या दिवशीं कोणीं विचारलें असतें तर मला सांगतां आलें नसतें. बँकेंत आयुष्य गेलेल्या माझ्या पत्नीनें मात्र घरीं परततांना रिक्षांत विचारलेंच: "अहो, हें ऋण ऋण म्हणजे नेमकें कोणाचें हो?" मीं उत्तर दिलें नाहीं. रस्त्यांत गोंगाट फार होता.

मेहुण्यांचा तो शब्द माझ्या मनांत राहिला खरा. परदेशांत कांहीं ख्रिस्ती पंथांतून संसारांतून मोकळीं झालेलीं वृद्ध जोडपीं घराला कुलूप लावून, बहुधा स्वखर्चानें, वर्ष-दीड वर्ष परमुलखांत सेवेला जातात, असें मीं वाचलें होतें. आपल्याकडे ह्या गोष्टीला जुनें नांव आहे तें वानप्रस्थ. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत म्हटलें आहे कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केंस पिकले आणि मुलाला मूल झालेलें पाहिलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या हवालीं करावें, किंवा तिला बरोबर न्यावें. हें मीं पत्नीला वाचून दाखविलें तेव्हां ती म्हणाली, "'किंवा' घालणारा शहाणा होता, पण तिला विचारावें असें कांहीं त्याला सुचलें नाहीं." नातवाचें तोंड आम्हीं पाहिलें होतें, पण तें मोबाईलच्या पडद्यावर. मुलगा अमेरिकेंत असतो. तेव्हां मनूच्या साऱ्या अटी, थोड्याफार सवलतीनें, पुऱ्या झाल्या होत्या.

आपल्या महाराष्ट्रांत अशा दांपत्यांची परंपरा मोठी आहे. आनंदवनांत बाबा आमटे व साधनाताई, गडचिरोलींत अभय व राणी बंग हे डॉक्टर पतिपत्नी. पण हीं माणसें ऐन उमेदींत गेलीं आणि तेथलींच झालीं. आम्ही निघालों होतों तें उतारवयांत, निवृत्तिवेतन बांधून घेऊन आणि परतीचा महिना ठरवून. दोहोंतील अंतर वाचकांना सांगावयास नकोच. शिवाय ज्या भागांत आम्ही जात होतों तेथेंच कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ह्या दांपत्यानें 'शाश्वत' ही संस्था उभी करून धरणग्रस्तांबरोबर वर्षानुवर्षें काम केलेलें होतें. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनींत गाळपेर करण्याचा, आणि जलाशयांत मासेमारी करण्याचा आदिवासींचा हक्क त्या झगड्यांतून पुढें आला. २०१२ सालीं त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. हें सारें मीं जाण्यापूर्वींच वाचून काढलें होतें. प्राध्यापकाला वाचलें म्हणजे कळलें असें वाटतें. हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

जून २०२३ मध्यें आम्ही तेथें राहावयास गेलों. गांवाचें नांव मी मुद्दामच देत नाहीं; चाळीस-पन्नास घरांची ती एक वाडी आहे एवढें सांगितलें म्हणजे पुरे. दोन खणांचें घर, वर पत्रा, पुढें ओटा. ओट्यावरून खालीं पाण्याचा प्रचंड विस्तार दिसावयाचा. पहिले आठ दिवस आम्हीं त्या देखाव्याची छायाचित्रें काढून मुलाकडे पाठविलीं. नवव्या दिवशीं पाऊस लागला. सह्याद्रीचा पाऊस पुण्याच्या माणसानें सहलींत पाहिलेला असतो; त्याच्या खालीं महिना काढणें ही गोष्ट वेगळी. पत्र्यावरील त्याच्या आवाजांत आम्हां दोघांना एकमेकांशीं ओरडून बोलावें लागे, आणि ओरडून बोललेलें कोणतेंही वाक्य भांडणासारखेंच ऐकूं येतें. वर्तमानपत्र नाहीं, मोबाईलला रेंज नाहीं, पुस्तकांना बुरशी आलेली. रात्रीं मोठी सर आली म्हणजे वाडींतील माणसें उठून बाहेर येत आणि डोंगराकडे कान देऊन उभीं राहत. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं ह्याच तालुक्यांतील माळीण गांव डोंगराच्या चिखलाखालीं गडप झालें आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हांपासूनची ही संवय. पहिल्यांदा तीं अशीं उभीं दिसलीं तेव्हां मीं विचारलें, "काय झालें?" एकजण म्हणाला, "काय न्हाय गुरजी, तुमी झोपा." मी झोपलों नाहीं.

काम तरी मनासारखें होतें काय? तेंही नव्हे. मीं पुण्याहून चाळीस धड्यांचा एक आराखडा करून आणला होता. मुलें येत, पण केव्हां येतील आणि केव्हां येणार नाहींत ह्याचें गणित मला सुटेना. लावणी लागली म्हणजे मुलें खाचरांत. आई बाजाराला गेली म्हणजे थोरली मुलगी धाकट्याला घेऊन घरीं. बाळहिरडा गोळा करण्याच्या दिवसांत तर मुलांचें नांवच काढूं नये, असें मला आधींच सांगण्यांत आलें. ह्या हिरड्यावर जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील घरांचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च चालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत हिरड्याचीं झाडें मोडलीं, त्याचें दुःख तेथें अजून घरच्या माणसाच्या दुःखासारखें सांगतात. मी मनांत चडफडत असें. आपण एवढें सोडून आलों, आणि ह्यांना त्याची किंमत नाहीं! हें वाक्य मीं कोणापुढें उच्चारलें नाहीं, पण पत्नीला तें माझ्या तोंडावर वाचतां येत होतें. तिनें स्वतः आराखडा वगैरे कांहीं आणलाच नव्हता. ती शेजारच्या आजीच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडी, आणि बायकांचीं बँकेचीं पासबुकें त्यांना वाचून दाखवी. पंधरा दिवसांत सारी वाडी तिला 'बाई' म्हणूं लागली. मी मात्र 'पुन्याचं सर' तो पुन्याचं सरच राहिलों.

जुलैच्या अखेरीस ती खाचराच्या बांधावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला.

संध्याकाळचे पांच वाजले असतील. वर रस्त्यावर दरड येऊन वाहनांची वाट बंद झालेली. धड वाहन मिळावयाचें तें तीन किलोमीटरांवर, दरडीच्या पलीकडे. मी तिच्याशेजारीं चिखलांत बसून राहिलों होतों. खरें सांगावयाचें तर मला कांहींच सुचत नव्हतें, आणि तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला पाहून तिला येथें आणल्याबद्दल मी स्वतःला मनांतल्या मनांत शिव्या देत होतों. तेवढ्यांत कोणी हांक मारली, कोणी घरून घोंगडी आणली, कोणी बांबू तोडला. झोळी बांधून सहा जणांनीं तिला उचललें. दर शंभर-दोनशें पावलांवर खांदे बदलत होते. पुढें एक पोरगा विजेरी घेऊन, मागें मी तिची चप्पल हातांत घेऊन. दरडीच्या दगडांवरून जातांना त्या माणसांचे अनवाणी पाय मला दिसत होते. त्यांतील दोघांचीं मुलें माझ्या हजेरीपटांत 'सतत गैरहजर' म्हणून मांडलेलीं होतीं.

घोटा बसला, सहा आठवडे प्लास्टर राहिलें. पुण्यास परत जावें, असें सर्वांनीं सुचविलें. मुलाचा अमेरिकेहून रोज फोन येई. तो घेण्यासाठीं मला टेकाडावर चढून जावें लागे. पत्नी म्हणाली, "तेथें जाऊन तरी काय? चौथ्या मजल्यावर कोंडून घ्यावयाचें. येथें निदान माणसें येतात." तीं आलीं खरींच. पाणी भरून जाई एक. सरपण टाकून जाई दुसरा. शेजारची आजी दोन वेळां नाचणीची भाकरी घेऊन येई आणि दिवसाआड खेकड्यांचें कालवण. मोडल्या हाडाला खेकड्यासारखें औषध नाहीं, असें तिचें ठाम मत. आम्ही ज्यांना कांहीं द्यावयास गेलों होतों त्यांच्या हातचें दीड महिना जेवलों. देणाऱ्याच्या भूमिकेंतून घेणाऱ्याच्या भूमिकेंत उतरणें सोपें नसतें. मला रोज भाकरीबरोबर एक ठसका लागे, आणि तो मिरचीचा नसे.

प्लास्टर निघालें त्या दिवशीं मीं एका लिफाफ्यांत कांहीं रक्कम घातली आणि आजीकडे गेलों. मोठें भाषण मनांत जुळवून गेलों होतों. तिनें लिफाफा हातांत घेतला, उघडला, नोटा पाहिल्या, आणि लहान मुलाच्या हातांतील वस्तु काढून घ्यावी आणि जागच्या जागीं ठेवावी तशी ती माझ्या सदऱ्याच्या खिशांत परत ठेवली. "आमची पडकई काय पैशानं असती व्हय?" ती म्हणाली.

पडकई म्हणजे काय, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून भाताचीं खाचरें करावयाचीं हें एकट्यादुकट्या घराचें काम नव्हे. म्हणून घरांचा गट जमतो आणि आज तुझ्या रानांत, उद्यां माझ्या रानांत, असें पाळीपाळीनें काम होतें. मजुरी कोणी कोणाला देत नाहीं. आभारही कोणी मानीत नाहीं. तेथें इतके दिवस राहिलों, परंतु 'आभारी आहें' किंवा 'धन्यवाद' हा शब्द मीं कोणाच्या तोंडून ऐकला नाहीं, आणि आरंभीं मला तो उणेपणा वाटला होता. आतां वाटूं लागलें कीं, 'आभार' ह्या शब्दांत जो 'भार' आहे तो उतरवून मोकळें होण्याची आपणां शहरवासीयांना घाई असते. ह्या माणसांना तो भार अंगावर बाळगण्याचें भय नाहीं. उद्यां त्यांची पाळी यावयाचीच असते.

पण माझी पाळी कोणती? हा प्रश्न मीं केला नाहीं. तो आजीनेंच केला, आणि तोही अगदीं सहज. नोटा खिशांत परत आल्यावर मी ओशाळून बसलों होतों, तेव्हां तिनें विचारलें, "सर, तुमी पुन्याचं म्हंता. पर मूळ गाव कंचं?"

ह्या प्रश्नाचें उत्तर मीं ह्या वाडींत आजवर कोणाला दिलेलें नव्हतें. लपविलें असें नाहीं. पण विचारलें म्हणजे "पुणें" एवढें म्हणून मी थांबत असें. वस्तुतः माझें गांव ह्याच तालुक्यांत, मंचरच्या पूर्वेला. मीं तें सांगितलें.

"म्हंजी तुमची जमीन पान्याखालची," आजी म्हणाली.

"हो," मी म्हणालों.

"आमची बी," ती म्हणाली, आणि समोरच्या जलाशयाकडे पाहून हंसली.

वाचकांपैकीं जे शेतकरी घरांतले असतील त्यांना ह्या संवादांत काय आहे तें सांगावयास नको. शेतीला कालव्याचें पाणी मिळूं लागलें म्हणजे ती जमीन 'पाण्याखालीं आली' असें आपण म्हणतों. धरणांत जमीन बुडाली म्हणजेही ती 'पाण्याखालीं गेली' असेंच म्हणतों. एकाच शब्दाच्या दोन बाजू. मध्यें फक्त 'आली' आणि 'गेली' एवढा फरक. डिंभ्याच्या उजव्या कालव्याचें पाणी आमच्या शिवारांत पोंचलें त्या दिवशीं माझ्या वडिलांनीं पेढे वांटले होते. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडायला गेलेला तो माणूस, बांधावर उभा राहून "आपली जमीन पाण्याखालीं आली रे!" असें ओरडतांना त्याचा आवाज फाटला होता, तो मला आजही ऐकूं येतो. बाजरीच्या जागीं ऊस उभा राहिला. वडिलांचें सोसायटीचें कर्ज फिटलें, धाकट्या बहिणीचें लग्न झालें, आणि पुण्यांत मीं जें घर घेतलें त्याचा पहिला हप्ता उसाच्या पैशांतून गेला. (त्या उसाबरोबर बिबटेही आले, आतां तेथल्या बायका संध्याकाळीं एकट्या रानांत जात नाहींत. पण तो विषय निराळा.)

धरण घोड नदीवर आहे. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे अशीं पांच मोठीं धरणें आहेत. त्यांत हें एक. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचें नांव दिलेलें आहे, आणि तें योग्यच झालें. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाच्या लॉरीपुढें ज्यानें देह टाकला तो ह्याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा गडी. परंतु बुडालेल्या गांवांपैकीं एका गांवाचें नांव खुद्द आंबेगांव होतें, हें किती जणांना ठाऊक असेल? तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आणि तालुक्याला नांव ज्या गांवाचें, तें पाण्याच्या तळाशीं. मी ह्या तालुक्यांत जन्मलों, 'ता. आंबेगांव' असा पत्ता हजार वेळां लिहिला. आणि तीस वर्षें वर्गांत गोल्डस्मिथची १७७० सालची ओसाड खेड्यावरील कविता भरल्या कंठानें शिकवीत आलों. इंग्लंडांतील एक खेडें उठलें ह्याचें दुःख माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेंत दहा गुणांना लिहितां येई. आमच्या कालव्याच्या मुखाशीं कोणतीं खेडीं उठलीं, हें मीं त्यांना विचारलें नाहीं. मला कोणीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं मीं पत्नीला म्हटलें, "तुझा रिक्षांतला प्रश्न आठवतो? ऋण कोणाचें म्हणून?" ती म्हणाली, "आठवतो. मला वाटलें होतें तुम्हांला ऐकूंच आला नाहीं."

दिवाळीच्या सुट्टींत तिच्या पायाला सराव म्हणून आम्ही जुन्नरकडे गेलों. लेण्याद्रीच्या पायऱ्या तिला झेपण्यासारख्या नव्हत्या. ती पायथ्याशीं बसली आणि मी एकटा वर गेलों. जुन्नरच्या आसपास दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत आणि त्यांत देणगी देणाऱ्यांचे पुष्कळ शिलालेख आहेत. त्यांत यवनांचेही आहेत; इरिल नांवाच्या एका यवनानें पाण्याच्या दोन टाक्या दिल्याची नोंद तेथें आहे. कोठला कोण परका मनुष्य, पण पाणी दिलें म्हणून त्याचें नांव सुमारें दोन हजार वर्षें दगडावर राहिलें. उतरतांना माझ्या मनांत आलें कीं, आमच्या कालव्याच्या कडेनें मैलाचे दगड आहेत, क्रमांकाचे दगड आहेत, भूमिपूजनाच्या कोनशिला आहेत. ज्यांनीं पाणी दिलें त्यांचें नांव मात्र मला कोठें आढळलेलें नाहीं. अर्थात् इरिलानें स्वखुषीनें दिलें होतें. हा फरक लहान नव्हे, आणि म्हणूनच 'त्यांनीं दिलें' हें वाक्य लिहितांना माझी लेखणी अडते. त्यांच्याकडून घेतलें गेलें. घेतलेल्या वस्तूबद्दल कृतज्ञ कसें व्हावयाचें, हें मला कोणत्याही ग्रंथांत सांपडलें नाहीं.

परततांना धाकट्या भावाकडे उतरलों. शेती तोच पाहतो. कष्टाळू आणि सरळ माणूस. जेवतांना मीं त्याला हें सारें सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "दादा, आपण थोडंच कुणाला बुडवलं? धरण सरकारनं बांधलं. आपण पाणीपट्टी भरतो." त्याचें म्हणणें खोटें होतें असें नाहीं. त्याच्या जागीं मी असतों तर हेंच म्हणालों असतों. किंबहुना त्याच्या जागीं नसूनही मी तीस वर्षें हेंच म्हणत होतों, फक्त मनांत. भावजय हळूच म्हणाली, "वहिनींचा पाय मोडला तेव्हां त्यांनींच उचललं ना?" भाऊ उठून हात धुवावयास गेला. विषय तेथेंच राहिला.

मे महिन्यांत पाणी पार खालीं गेलें. आवर्तनें सुटलीं होतीं. म्हणजे खालीं आमचा ऊस पीत होता आणि येथें जमीन उघडी पडत होती. एके सकाळीं आजी म्हणाली, "चला, आमचं घर दावते." तिचें वय पंचाहत्तरीच्या पुढें असेल, पण उतारावरून ती माझ्यापुढें चालत होती. गाळाला मोठमोठ्या भेगा गेलेल्या. जोत्यांच्या ओळी, एका बाजूस कोणाच्या आडाचें तोंड, पलीकडे जुन्या आंबेगांवच्या अंगाला देवळांचे अवशेष. एका जोत्याशीं ती थांबली. "हितं चूल. हितं जातं व्हतं, ते वर नेलं. हितं माजी थोरली जलमली." तिच्या सांगण्यांत सूर लावलेला नव्हता. घर दाखवावें तसेंच ती दाखवीत होती; भिंती नव्हत्या इतकेंच. पाणी चढूं लागलें तेव्हां खालीं लाभक्षेत्रांत न जातां तिच्या माणसांनीं वर डोंगराकडे सरकून घर बांधलें. आपली माणसें, आपले देव, आपला हिरडा सोडून जाववेना, म्हणून.

मी उभा राहिलों. आतां ती कांहींतरी बोलेल, दोष देईल, किंवा "जाऊं द्या, झालं तें झालं" असें म्हणून मला मोकळें करील, अशी माझी अपेक्षा होती. दोहोंपैकीं कशालाही मी तयार होतों. तिनें विचारलें तें निराळेंच.

"तिकडं ऊस चांगला येतो का?"

"येतो," मी म्हणालों. दुसरें काय म्हणणार?

"मंग वाया न्हाय गेलं म्हनायचं," आजी म्हणाली, आणि पदर खोंचून पुढें तिच्या गाळपेरीच्या तुकड्याकडे चालूं लागली.

तेथें भुईमूग काढावयाचा होता. दोन महिन्यांत पाणी पुन्हां चढलें म्हणजे तो तुकडा परत आंत जाणार. मीं वांकून उपटावयास सुरुवात केली. तासाभरांतच कंबर धरली. पत्नी काठी टेकीत मागून आली होती. ती बांधावर बसून शेंगा तोडूं लागली. दुपारपर्यंत माझ्या हजेरीपटांतील तीं दोन गैरहजर मुलेंही आलीं, आणि माझी उपटण्याची रीत पाहून मनसोक्त हंसलीं. "सर, असं न्हाय, मुळाशी धरा," असें त्यांतील एकानें मला शिकविलें. त्या उन्हाळ्यांत मीं पांच ठिकाणीं असें काम केलें. धडे चाळिसांपैकीं एकोणीस झाले.

निघतांना आजीनें एका पिशवींत पायलीभर शेंगा बांधून दिल्या. आम्हांला नव्हे. "तुमच्या भावाला द्या," ती म्हणाली. "त्यास्नी म्हनावं, आमच्या रानातल्या हायेत."

जूनच्या पहिल्या आठवड्यांत मीं त्या भावाकडे पोंचविल्या. तो ओट्यावर बसला होता. समोर लागणीचा ऊस गुडघाभर उभा होता आणि पाटांतून पाणी वाहत होतें. मीं निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यानें पिशवी मांडीवर घेतली, एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेऊन पाहिले. तोंडांत मात्र टाकले नाहींत.

"किती दिवस उघडं असतं ते रान?" त्यानें विचारलें.